वाचकांचे प्रश्न : ‘किरकोळ’ सदरातले सजीव

गेल्या अंकात सजीवांच्या पाच सृष्टींविषयी (जिवाणू, प्रोटिस्टा, कवक, वनस्पती आणि प्राणी) लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकट्या प्रोटिस्टा सृष्टीविषयी होती. त्याचे मला नवल वाटले नाही, कारण महाविद्यालयात शिकवत असतानाही वर्षानुवर्षे याच धड्याला सर्वांत जास्त हात वर येत. त्यांतील पाच पत्रे, थोडी आटोपशीर करून, उत्तरांसह देत आहे.

प्रश्न : मी अकरावी विज्ञान शाखेत शिकते. शाळेच्या पुस्तकात व्हॉल्व्हॉक्स प्रोटिस्टा सृष्टीत होता, आता तो शैवालांबरोबर वनस्पतींत आला आहे. शिकवणीच्या सरांनी ‘प्रोटिस्टा म्हणजे एकपेशीय दृश्यकेंद्रकी सजीव’ अशी व्याख्या लिहून दिली. माझी ताई एम.एस्सी. करते, ती म्हणते, अशी सृष्टी आता संशोधक मानतच नाहीत. मी परीक्षेत काय लिहू आणि खरे काय समजू? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : परीक्षेचे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे तुम्हाला निवांतपणे वाचता येईल. उत्तरपत्रिकेत पाठ्यपुस्तकातलेच लिहावे. प्रोटिस्टा हे दृश्यकेंद्रकी सजीव आहेत, म्हणजे त्यांच्या पेशीत पटलाने वेढलेले केंद्रक असते. ते बहुतांशी एकपेशीय असतात आणि काही वसाहत करून राहतात. पाणी, ओली माती किंवा दुसऱ्या सजीवाचे शरीर हे त्यांचे वसतिस्थान असते. हालचालीसाठी कोणाला छद्मपाद (पेशीचे तात्पुरते पुढे सरकणारे भाग), कोणाला रोमके (केसांसारखे आखूड धागे), तर कोणाला कशाभिका (चाबकासारखे लांब धागे) असतात, आणि प्लाझमोडिअमसारख्या परजीवींत असे उघड साधन दिसतही नाही. पोषण स्वयंपोषी, परपोषी किंवा युग्लीनाप्रमाणे प्रसंगानुसार दोन्ही प्रकारचे असते. प्रजनन बहुधा द्विभाजनाने आणि अनेकांत लैंगिक पद्धतीनेही होते. त्याखाली डायटम ही सूक्ष्म शैवाले ज्यांत येतात ते क्रायसोफाइट, डायनोफ्लॅजेलेट, युग्लिनॉइड, श्लेष्मकवक आणि आदिजीव (प्रोटोझोआ) हे गट उदाहरणांसह मांडले की प्रश्न सुटला.

आता खरे काय ते पाहू. सरांनी दिलेली व्याख्या पाठ करायला सोपी आहे, परंतु ती दोन्ही टोकांना गळते. पाव फुगवणारे यीस्ट एकपेशीय आहे आणि दृश्यकेंद्रकीही आहे, तरीही ते कवकसृष्टीत, म्हणजे बुरशींच्या सृष्टीत, बसते. उलट थंड समुद्रात वाढणारे केल्प नावाचे तपकिरी शैवाल चाळीस मीटरांहून लांब होते, त्याला देठ आणि पानांसारखे भाग असतात, आणि तरीही अनेक वर्गीकरणांत ते प्रोटिस्टांमध्ये धरले जाते. व्याख्येने जे बाहेर ठेवायचे ते आत येते आणि जे आत हवे ते बाहेर पडते, तेव्हा दोष पाठांतराचा नसून वर्गाच्या रचनेचा असतो.

ती रचना कशी झाली हे समजले की गोंधळ बराच निवळतो. अंतोनी व्हान लेव्हेनहूक या डच कापड व्यापाऱ्याने 1674 मध्ये स्वतः घासलेल्या भिंगातून तळ्याचे पाणी पाहिले आणि त्यात हालणारे असंख्य जीव त्याला दिसले. त्या काळी, आणि नंतरही जवळजवळ दोनशे वर्षे, सजीव म्हणजे वनस्पती किंवा प्राणी अशी दोनच दालने होती. त्यामुळे हिरवे दिसले ते वनस्पतिशास्त्रज्ञांनी उचलले आणि धावताना दिसले ते प्राणिशास्त्रज्ञांनी. युग्लीना हिरवी असून धावत असल्यामुळे दोघांनीही तिच्यावर हक्क सांगितला. जॉन हॉग यांनी 1860 मध्ये आणि एर्न्स्ट हेकेल यांनी 1866 मध्ये या जीवांसाठी तिसरे दालन सुचवले. ‘प्रोटिस्टा’ हे नाव हेकेल यांचे. त्यांनी जिवाणूंनाही त्यातच कोंबले होते. हर्बर्ट कोपलंड यांनी 1938 मध्ये जिवाणूंना वेगळे काढले, आणि 1969 मध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी कवकांनाही स्वतंत्र सृष्टी देऊन पाच सृष्टींची जी मांडणी केली, तीच आपण आजही शाळेत शिकवतो.

या इतिहासात एक गोष्ट लक्षात घ्या. प्रत्येक वेळी कोणाला तरी बाहेर काढले गेले आणि जे उरले त्याला प्रोटिस्टा म्हटले गेले. घरखर्चाच्या वहीत दूध, किराणा, वीज, शाळेची फी अशी सदरे पाडल्यावर उरलेल्या रकमा आपण ‘किरकोळ’ या सदराखाली लिहितो. चपलेचा अंगठा शिवल्याचे पैसे, देवळातली दक्षिणा आणि रिक्षाचे भाडे तिथे शेजारीशेजारी येतात, ते केवळ दुसऱ्या कोणत्याच सदरात बसले नाहीत म्हणून. प्रोटिस्टा हे सजीवांच्या वहीतले ‘किरकोळ’ आहे. सदर म्हणून ते सोयीचे आहे. भावकी म्हणून ते खरे नाही.

भावकी ठरवण्याचे साधन गेल्या काही दशकांत हाती आले, ते म्हणजे जनुकांतील क्रमाची तुलना. तिच्यातून निघालेली नाती बाह्यरूपावरून कोणाच्याही मनात आली नसती. अमीबा युग्लीनाला जितका जवळ आहे त्यापेक्षा तो तुम्हाआम्हाला अधिक जवळ आहे. चपळ पॅरामेशिअम आणि हिवतापाचा प्लाझमोडिअम एकाच मोठ्या भावकीतले आहेत. डायटम आणि ते चाळीस मीटरांचे केल्पही एकाच घराण्यातले आहेत. हिरवी शैवाले मात्र जमिनीवरच्या वनस्पतींची सख्खी आहेत. दोघांकडे हरितद्रव्याचे अ आणि ब हे प्रकार आहेत, आणि दोघेही पिष्ट साठवतात ते हरितलवकातच. म्हणून शेकडो ते हजारो पेशींचा पोकळ हिरवा चेंडू असलेला तुमचा व्हॉल्व्हॉक्स, शरीराची ठेवण पाहणाऱ्या पुस्तकात प्रोटिस्टांत जातो आणि नाते पाहणाऱ्या पुस्तकात वनस्पतींकडे जातो. दोन्ही पुस्तके आपापल्या मोजपट्टीने बरोबर आहेत. चूक एवढीच की कोणती मोजपट्टी वापरली हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही.

ताईचे म्हणणे बरोबर आहे. संशोधक आज दृश्यकेंद्रकी सजीवांची मांडणी काही महागटांत करतात आणि प्रोटिस्टा नावाची सृष्टी त्यात नसते. तरीही ‘प्रोटिस्ट’ हा शब्द त्यांच्या बोलण्यातून गेलेला नाही, जसा आपल्या वहीतून ‘किरकोळ’ जात नाही.

प्रश्न : मी टोमॅटो करतो. गेल्या पावसाळ्यात पाने काळपट पडून चार दिवसांत प्लॉट बसला. दुकानदाराने ‘करपा आहे, बुरशीनाशक मारा’ म्हणून डायफेनोकोनॅझोल दिले, त्याचा काहीच उपयोग झाला नाही. नंतर एका मित्राने सांगितले की ही बुरशीच नव्हे. मग ते काय होते? (शिरोळ तालुका)

उत्तर : वर्गीकरणाचा प्रश्न विद्यार्थ्याला दोन गुणांचा असतो, तुम्हाला तो एका हंगामाचा पडला. मी प्लॉट पाहिलेला नाही, परंतु तुम्ही वर्णन केलेला वेग आणि ढगाळ, गार, दमट हवा पाहता तो उशिरा येणारा करपा असण्याची शक्यता मोठी आहे. टोमॅटोवर करपा या एकाच नावाने दोन वेगळे रोग वावरतात. लवकर येणाऱ्या करप्यात पानावर एकात एक वर्तुळे असलेले तपकिरी ठिपके पडतात. त्याचे कारण अल्टरनेरिया ही खरीखुरी बुरशी. उशिरा येणाऱ्या करप्यात पाणी मुरल्यासारखे गडद चट्टे पडतात आणि दमट सकाळी पान उलटून पाहिले तर चट्ट्याच्या कडेला पांढरी लव दिसते. त्याचे कारण फायटॉफ्थोरा. आडनाव एक, भावकी वेगळी.

फायटॉफ्थोरा तंतूंनी वाढतो, बीजाणू सोडतो, म्हणून शंभर वर्षांहून अधिक काळ त्याला बुरशीच समजले गेले. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडवून भीषण दुष्काळ आणणारा हाच. परंतु बुरशीच्या पेशीभित्तिकेत प्रामुख्याने कायटिन असते, तर याच्या भित्तिकेत सेल्युलोज. त्याचे बीजाणू दोन कशाभिकांनी पानावरच्या पाण्याच्या थरात अक्षरशः पोहतात, आणि जनुके तपासली तर तो डायटम आणि समुद्रातल्या केल्पचा भाऊबंद निघतो. या गटाला ऊमायसीट म्हणतात आणि त्याची जागा प्रोटिस्टांत आहे. द्राक्षावरचा केवडा, म्हणजे बागायतदार ज्याला डाऊनी म्हणतात तो, आणि आल्याची पिथिअममुळे होणारी कंदकूज हेही याच घराण्याचे उद्योग.

आता औषधाचे. नावाच्या शेवटी ‘कोनॅझोल’ असलेली औषधे बुरशीच्या पेशीपटलाला लागणाऱ्या अर्गोस्टेरॉल या द्रव्याची निर्मिती थांबवतात. फायटॉफ्थोरा ते द्रव्य स्वतः तयार करतच नाही. मग जे दुकान मुळात उघडलेच नाही त्याला टाळे लावून काय होणार? उलट मेटॅलॅक्झिल हे केवळ ऊमायसीटांवर चालते आणि खऱ्या बुरशीला ते जाणवतही नाही. मात्र ते एकटे पुन्हा पुन्हा वापरले तर रोगजनक लवकर दाद देईनासा होतो. मँकोझेब दोन्हींवर चालते, पण रोग येण्यापूर्वी. डब्यावर तिघांनाही ‘बुरशीनाशक’च लिहिलेले असते, हे दुर्दैव. मात्रा आणि फवारणीतील अंतर तुमच्या भागातील कृषी सहायकांना पान दाखवूनच ठरवा.

प्रश्न : आमच्या संकरित गाईला ताप आला, खांद्याजवळ गाठ सुजली. पशुवैद्यांनी गोचीड ताप सांगितला आणि रक्तात ‘प्रोटोझोआ’ असल्याचे म्हणाले. आधी दिलेले पेनिसिलिन का लागू पडले नाही? हा जंतू बॅक्टेरियापेक्षा मोठा असतो का? (पन्हाळा तालुका)

उत्तर : बहुतेक प्रोटोझोआ मोठे असतात, पण मुद्दा आकाराचा नाही. पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभित्तिकेची बांधणी बिघडवते. तुमच्या गाईला झालेला थायलेरिया हा आदिजीव आहे. त्याला तशी भित्तिका नाही, आणि त्याची पेशी जिवाणूपेक्षा गाईच्याच पेशीसारखी अधिक आहे. म्हणूनच आदिजीवांवरची औषधे शोधणे अवघड जाते, कारण चोर आणि घरमालक यांची घरे एकाच नकाशावर बांधलेली असतात. गाठ सुजते तेही थायलेरिया आधी पांढऱ्या पेशींत शिरून त्यांना भराभर वाढायला लावतो म्हणून. तांबड्या पेशींत तो त्यानंतर उतरतो. बुपार्व्हाक्वोनसारखे खास औषध पशुवैद्य देतात ते यासाठीच. गोचिडांचा बंदोबस्त झाला नाही तर औषधाने बरी झालेली गाय उद्याच्या दुसऱ्या गाईला रोग पुरवणारी ठरू शकते, तेव्हा गोठ्याच्या भिंतींच्या फटीही पाहा.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. थायलेरिया, बॅबेसिया, कोंबड्यांच्या रक्ती हगवणीचा आयमेरिया आणि माणसाच्या हिवतापाचा प्लाझमोडिअम हे सगळे एका गटाचे असून त्यांतील बहुतेकांच्या पेशीत हरितलवकाचा एक निकामी झालेला अवशेष असतो. त्यांच्या पूर्वजाने कधी काळी एक तांबडे शैवाल गिळून पोटात सांभाळले होते. प्रकाशसंश्लेषण गेले, पण तो अवशेष काही आवश्यक द्रव्ये बनवण्यापुरता टिकला. आणि हरितलवक मुळात जिवाणूपासून आलेले असल्यामुळे, डॉक्सिसायक्लिन हे जिवाणूंवरचे औषध हिवतापाच्या परजीवीवर त्या अवशेषाच्या वाटेने चालते. रक्त पिऊन राहणारा हा जीव एकेकाळच्या सूर्यप्रकाशावर जगणाऱ्यांचा वंशज आहे.

त्याच गाईच्या कोटीपोटात, म्हणजे जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, एका मिलिलिटर द्रवात रोमके असलेले आदिजीव लाखांच्या संख्येने आनंदाने नांदत असतात, आणि तेही थायलेरियाचे दूरचे चुलतभाऊच.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळेत तयार काचपट्ट्या आहेत, पण त्यांतला पॅरामेशिअम गुलाबी रंगाचा आणि मेलेला. मुलांना जिवंत कसा दाखवावा? आमच्याकडे एकच साधा सूक्ष्मदर्शक आहे. (गडहिंग्लज)

उत्तर : एक पुरेसा आहे. भाताच्या पिंजराची मूठभर कांडी बारीक तोडून ती अर्धा लिटर पाण्यात दहा मिनिटे उकळा आणि पाणी पूर्ण गार होऊ द्या. ते रुंद तोंडाच्या बरणीत ओतून त्यात गावतळ्यातले वाटीभर पाणी, तळाशी कुजलेल्या पानाच्या एखाद्या तुकड्यासह, घाला. तोंडाला पातळ कापड बांधून बरणी उन्हात न येणाऱ्या खिडकीत ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ होऊन वर साय धरेल आणि वास येईल. मुले नाक दाबतील, शिपाईमामा ती ओतून टाकायला निघतील, त्यांना तेवढे थोपवा. ती साय जिवाणूंची आहे, आणि जेवण तयार झाल्याशिवाय पाहुणे येत नाहीत. प्रथम बारीक कशाभिकाधारी येतील आणि साधारण आठवड्याच्या आत पॅरामेशिअम दिसू लागेल. बरणी काळ्या कागदासमोर धरली तर सायीच्या खाली पांढरे ठिपके सरकताना नुसत्या डोळ्यांनाही ओझरते दिसतात, कारण त्याची लांबी 0.2 मिलिमीटरच्या आसपास असते.

सायीलगतचा एक थेंब काचपट्टीवर घ्या आणि आच्छादन (वरची पातळ काच) ठेवण्यापूर्वी त्यात कापसाचे चार-सहा तंतू पसरा. ही युक्ती विसरलात तर मुलांना फक्त काहीतरी सपकन गेले एवढेच कळेल. तंतूंच्या जाळीत पॅरामेशिअम अडकतो आणि मग त्याचे वागणे पाहता येते. धडकला की तो रोमकांची दिशा उलटवून मागे येतो, किंचित वळतो आणि पुन्हा पुढे घुसतो. दिवाळीच्या तोंडावर महाद्वार रोडवर सापडलेला रिक्षावाला हेच करतो. पुस्तके त्याला चपलेच्या तळव्यासारखा म्हणतात. आपल्याकडची मुले लगेच अंगठा शोधू लागतात, तो मात्र नसतो.

शंभरपट वर्धनात प्रकाश थोडा कमी केलात तर शरीराच्या दोन टोकांजवळ दोन चांदण्या उमटताना आणि मिटताना दिसतील. त्या संकोची रिक्तिका. बाहेरचे गोडे पाणी परासरणाने सतत आत शिरत असते आणि या चांदण्या ते काही सेकंदांनी बाहेर फेकत असतात. घरात पाणी शिरल्यावर बादलीने उपसावे तसे. मुलांना घड्याळ देऊन एका मिनिटात किती वेळा मिटते ते मोजायला सांगा. मग पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ विरघळवून त्याचा एक थेंब आच्छादनाच्या कडेने आत सोडा आणि पुन्हा मोजा. वेग मंदावतो, कारण बाहेरचे पाणी खारट झाले की आत शिरणारे पाणी कमी होते. माझ्या वर्गात फळ्यावर तीनदा काढूनही न समजलेले परासरण या एका मोजणीने समजत असे.

‘एकपेशीय म्हणजे साधा’ हा गैरसमजही येथेच जातो. आपली स्नायूची पेशी आकुंचन पावते आणि मूत्रपिंडाची पेशी गाळते, प्रत्येकीला ठरलेले काम असते. पॅरामेशिअमच्या एकट्या पेशीला तोंडाची खाच आहे, अन्न पचवण्याच्या पिशव्या आहेत, टाकाऊ बाहेर टाकण्याची ठरलेली जागा आहे आणि दोन प्रकारची केंद्रके आहेत; मोठे रोजच्या कारभारासाठी, लहान वारसा सांभाळण्यासाठी. थेंब हाताळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवून घ्या.

प्रश्न : उन्हाळ्यात रंकाळ्याला फिरायला जातो तेव्हा काठाचे पाणी हिरवेगार दिसते. ते प्रोटिस्टा का? आणि आमच्या गावच्या तळ्यावर सकाळी हिरवा असलेला तवंग दुपारी लाल होतो. जुनी माणसे त्याला अपशकुन मानतात. (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : हिरवे पाणी म्हणजे एकच सजीव नव्हे. तेलरंग सांडल्यासारखा दाट हिरवा थर असेल तर तो बहुधा नीलहरित शैवालाचा असतो, आणि नावात शैवाल असले तरी ते जिवाणूच आहे. त्याच्या पेशीत केंद्रक नसते आणि हिरवा रंग हरितलवकांत बांधलेला नसून पेशीभर पसरलेला असतो, म्हणून प्रोटिस्टांच्या दारातही त्याला प्रवेश नाही. अशा थराचे काही प्रकार विषारी असतात, तेव्हा जनावरांना ते पाणी पाजू नये. बोटाला गुंडाळता येणारे निसरडे हिरवे केस लागले तर ते स्पायरोगायरासारखे खरे हिरवे शैवाल.

गावच्या तळ्यावरचा रंग बदलणारा तवंग मात्र, तुम्ही सांगता तसाच असेल तर, युग्लीनाच्या एका जातीचा असण्याचा संभव मोठा आहे. तिच्या पेशीत हिरव्या हरितलवकांबरोबर लाल रंगद्रव्याचे कण असतात. ऊन कडक झाले की हे कण पेशीच्या कडेला पसरून हरितलवकांवर छत्री धरतात आणि तवंग विटकरी लाल दिसतो. ऊन उतरले की ते पुन्हा मध्याकडे गोळा होतात आणि संध्याकाळी पाणी हिरवे होते. दुपारी त्या लाल तवंगाच्या एका कोपऱ्यावर पाऊण तास पाटी आडवी धरून सावली करा आणि मग पाटी उचलून त्या जागेचा रंग शेजारच्या पाण्याशी ताडून पाहा.